वय लागतं कधी, सरतं कधी?

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या फेब्रुवारी २०२५ मधील पहिल्या रविवारच्या बैठकीत केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



आपल्या सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर तारीख आहे २९ फेब्रुवारी २०००. पंचवीस वर्षं ही गोष्ट फाईलमध्ये निवांत पडून होती. रौप्यमहोत्सवाचा कार्यक्रम कधी घ्यायचा हा विषय निघाला, तेव्हा कुणीतरी प्रमाणपत्र बाहेर काढलं आणि मग लक्षात आलं की २०२५ साली २९ फेब्रुवारी नाहीच. निम्मी कमिटी म्हणाली, फेब्रुवारीचा शेवटचा दिवस तो आपला, म्हणजे २८. उरलेली निम्मी म्हणाली, २८ च्या दुसऱ्या दिवशी आपण जन्मलो, म्हणून १ मार्च. टेरेसची गळती आणि पाहुण्यांचं पार्किंग हे दोन विषय सोडले तर आपल्याकडे एवढा वाद कशावरही झाला नसेल. मी बत्तीस वर्षं विमा कंपनीत काढली, आणि तिथे लोकांची वयं मोजणं हा रोजचा धंदा होता. म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं.

माझ्याआधी एका इंजिनिअर सभासदाने त्याचा निकाल लावून टाकला होता. जुन्या अध्यक्षांना आठवतं की प्रमाणपत्र उपनिबंधकांच्या कार्यालयातून हातात पडलं ते दुपारी तीनच्या सुमाराला. वर्षाचे दिवस ३६५.२५ धरले तर पंचवीस वर्षांचे होतात ९१३१.२५ दिवस, आणि सोसायटीला पंचवीस पूर्ण होतात २८ फेब्रुवारीच्या रात्री नऊ वाजता. कॅलेंडरमधलं खरं सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं असतं. ते धरलं तर दुपारी साडेचार. आणि पृथ्वीचं ऋतुचक्र पूर्ण व्हायला लागणारा काळ, म्हणजे ३६५.२४२२ दिवस, हा घेतला तर चार वाजून एकोणीस मिनिटं. हिशोब तिन्ही बरोबर आहेत, मी तपासले. पण दशांशाचे आकडे वाढवल्यावर आपला रौप्यमहोत्सव रात्रीच्या जेवणावरून दुपारच्या चहावर आला, आणि ज्या कागदावर वेळच लिहिलेली नाही त्याचं वय आपण मिनिटांत सांगायला लागलो. अचूकता ही नाही. शेवटी १ मार्चला शनिवार आहे आणि मुलांना सुट्टी असते, या कारणाने तारीख ठरली. ते कारण मला वरच्या तिन्हीपेक्षा पटलं.

तर हा पाव दिवस येतो कुठून? यंदाची संक्रांत आठवा, १४ जानेवारीला झाली. गेल्या वर्षी ती १५ ला होती, आणि २०२३ सालीही १५ ला. सूर्य मकर राशीत जाण्याची वेळ दरवर्षी साधारण सहा तासांनी पुढे सरकते. २०२३ साली ती १४ तारखेच्या रात्री आली, म्हणून सण दुसऱ्या दिवशी. २०२४ साली ती १५ च्या पहाटे गेली. मग त्या वर्षीच्या २९ फेब्रुवारीने कॅलेंडरला एक दिवस खाऊ घातला आणि यंदा ती १४ च्या सकाळी परत आली. सहा तास चार वेळा साचले की एक दिवस. खरं तर ऋतुचक्राच्या हिशोबात ते सहा तास पूर्ण नसतात, वर्षामागे अकरा-साडेअकरा मिनिटं कमी असतात. म्हणून शतकाच्या शेवटी लीप वर्ष गाळायचं आणि चारशेने भाग जात असेल तर ठेवायचं, असा नियम १५८२ साली पोप ग्रेगरी यांच्या वेळी आला. चारशे वर्षांत ९७ लीप दिवस. १९०० साली २९ फेब्रुवारी नव्हती, २१०० साली नसेल, पण २००० साली होती. नसती तर आपल्याला हा वादही मिळाला नसता.

आता सत्काराच्या यादीकडे वळतो. १ मार्चला ज्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेली असतील अशा सर्व सभासदांचा सत्कार करायचा, असं ठरलं. आपल्या तरुण मंडळींनी कॉम्प्युटरवर झटपट यादी केली. कार्यक्रमाच्या तारखेतून जन्मतारीख वजा केली, आलेल्या दिवसांना ३६५ ने भागलं आणि पूर्णांक घेतला. यादीत बी विंगमधल्या काकूंचं नाव आलं. काकूंची जन्मतारीख १० मार्च १९५०. निरोप घेऊन गेलेल्या मुलाला त्यांनी दारातच सांगितलं, "अरे, मला पंचाहत्तरावं लागलंय, सरलं नाही अजून. नऊ दिवस आहेत. शाल परत ने."

काकूंचं बरोबर होतं. १ मार्चला त्यांच्या आयुष्याचे २७,३८५ दिवस होतात. ३६५ ने भागा, ७५.०२७ येतं. पण या दिवसांत १९ लीप दिवस आहेत, आणि ३६५ ने भागणारा प्रत्येक लीप दिवस वयात जास्तीचा घालत जातो. विशीतल्या मुलाच्या बाबतीत ही चूक पाच दिवसांची असते, पंचाहत्तरीला अठरा-एकोणीस दिवसांची. म्हणजे माणूस जितका म्हातारा, तितकी चूक मोठी. आणि वयावर सवलती मिळतात त्या म्हातारपणीच.

मुलं हुशार आहेत. त्यांनी लगेच ३६५ च्या जागी ३६५.२५ घातलं. काकू यादीतून बाहेर आल्या आणि सगळ्यांना वाटलं, संपलं. पण सी विंगमध्ये एक मुलगा आहे, जन्म १ मार्च २०००, म्हणजे सोसायटीपेक्षा एका दिवसाने लहान. कार्यक्रमाच्याच दिवशी त्याला पंचवीस पूर्ण होतात. त्याचे दिवस भरतात ९१३१. भागिले ३६५.२५ केलं की २४.९९९३. तो केक कापत असेल आणि कॉम्प्युटर म्हणेल, चोवीस. ३६५.२४२२ घेऊन पाहा, २४.९९९८५ येतं, तरीही चोवीसच. गंमत अशी की तोच आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवा म्हटलं तर पडद्यावर २५.०० दिसतं, आणि पूर्णांक काढा म्हटलं तर २४ मिळतो. एकच आकडा, दोन तोंडं. हे ज्याला माहीत नाही तो यंत्राशी तासभर भांडतो.

कारण साधं आहे. ३६५.२४२२ दिवसांचं वर्ष कुणीही जगलेलं नाही. प्रत्येकाची वर्षं ३६५ ची तरी असतात नाहीतर ३६६ ची. सरासरी ही पृथ्वीची, माझी-तुमची नव्हे. म्हणून वय भागाकाराने काढायचंच नसतं. आमच्या ऑफिसात जुने हेडक्लार्क जसं काढायचे तसं काढायचं: सालातून साल वजा करा, मग महिना आणि तारीख पाहा. वाढदिवस अजून यायचा असेल तर एक कमी करा. संपलं. यात दशांश नाही, लीप वर्ष आपोआप हिशोबात येतं, आणि कागदाच्या कोपऱ्यात होतं. काकूंनीही तेच केलं होतं, कागदाशिवाय.

पण काकूंच्या बोलण्यातले दोन शब्द मला त्याहून मोलाचे वाटतात. लागलं आणि सरलं. पंचाहत्तरावं लागतं ते चौऱ्याहत्तर पूर्ण झाल्यावर, आणि सरतं ते पंचाहत्तराव्या वाढदिवशी. मध्ये अख्खं एक वर्ष असतं. आपल्या आज्या या बाबतीत कधी चुकत नसत. सरकारी कागद मात्र नुसतं "वय ७५" म्हणतो आणि पुढचं आपल्यावर सोडतो. एसटीचा मोफत प्रवास २०२२ पासून आहे, तो ७५ पूर्ण झालेल्यांना. पंचाहत्तरावं लागलेल्यांना अर्धं तिकीट. कंडक्टरशी वाद घालण्याआधी हे लक्षात असू द्या.

विम्यात याची तिसरी तऱ्हा आहे. तिथे बऱ्याच योजनांत नजीकच्या वाढदिवसाचं वय धरतात. मागचा वाढदिवस जवळ असेल तर ते वय, पुढचा जवळ असेल तर पुढचं. म्हणजे एकोणपन्नास वर्षं आणि सात महिन्यांचा माणूस हप्त्यासाठी पन्नासचा होतो. त्याच पत्रकात कमीत कमी वयाची अट असते तिथे "पूर्ण" असं लिहिलेलं असतं. एकाच पानावर वयाच्या दोन व्याख्या! माझ्या टेबलासमोर लोक यावरून तावातावाने बोलायचे, आणि मला त्यांचं नवल वाटायचं नाही.

आता जो भाग सांगण्यासाठी मी खरं तर उभा राहिलो, तो सांगतो. वय नेमकं कोणत्या दिवशी पूर्ण होतं? तुम्ही म्हणाल, वाढदिवशी. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली राजस्थानच्या एका प्रकरणात वेगळं सांगितलं. उमेदवाराची जन्मतारीख होती २ जानेवारी १९५६. अट अशी की १ जानेवारी १९८४ ला त्याला अठ्ठावीस पूर्ण झालेली नसावीत. तो म्हणाला, माझा वाढदिवस उद्याचा आहे. न्यायालय म्हणालं, जन्माचा दिवस हा पूर्ण दिवस म्हणून मोजायचा, त्यामुळे अठ्ठाविसावं वर्ष वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच भरलं. तो अपात्र ठरला, एका दिवसाने.

कायद्याचा सगळीकडे हाच सूर आहे असंही नाही. सज्ञान होण्याबद्दल १८७५ चा जुना कायदा आहे. त्यातही जन्मदिवस पूर्ण धरा असंच म्हटलं आहे, पण माणूस सज्ञान होतो तो अठराव्या वाढदिवसाच्या सुरुवातीला. म्हणजे घड्याळात मध्यरात्रीचे बारा तेच, पण एका ठिकाणी ते आदल्या दिवसाचे आणि दुसऱ्या ठिकाणी त्या दिवसाचे.

या आदल्या दिवसाचा फायदाही आहे, तो आधी सांगतो. प्राप्तिकर खात्याने जुलै २०१६ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं की १ एप्रिलला जन्मलेल्या माणसाला साठ वर्षं ३१ मार्चलाच पूर्ण होतात. आपल्यात कुणाची जन्मतारीख १ एप्रिल १९६५ असेल तर तुम्ही येत्या ३१ मार्चला, म्हणजे चालू आर्थिक वर्षातच, ज्येष्ठ नागरिक झालात. जुन्या कररचनेत राहणार असाल तर तीन लाखांची सूट-मर्यादा आणि ठेवींच्या व्याजावर पन्नास हजारांपर्यंतची वजावट याच वर्षाला लागू. सीएला आवर्जून सांगा.

आणि आता तोटा. आपल्या सभासदांच्या यादीत जन्मतारखा पाहिल्या तर १ जूनवाले इतके आहेत की एक क्रिकेटची टीम उभी राहील, वर पंचही मिळतील. हे काही त्या दिवशी सगळ्या गावांत पाळणे हलले म्हणून नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, वडील पोराला गुरुजींसमोर उभं करायचे, "पेरणीच्या दिवसांत झाला", "मोठ्या पुराच्या वर्षी झाला" असं काहीतरी सांगायचे, आणि गुरुजी अंदाजाने साल धरून पुढे १ जून लिहून टाकायचे. मी गुरुजींना दोष देत नाही. त्यांच्याकडे रकाना होता, आणि तो भरायचा होता.

पण त्या रकान्याचा परिणाम चाळीस-पन्नास वर्षांनी होतो. सरकारी नोकर ज्या महिन्यात निवृत्तीचं वय पूर्ण करतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. २ जूनवाला ३० जूनपर्यंत नोकरीत राहतो. १ जूनवाल्याचं वय आदल्या दिवशी भरतं, म्हणून तो ३१ मेलाच घरी. एका दिवसाच्या फरकाने एका महिन्याचा पगार गेला. इथेच थांबलं असतं तरी ठीक होतं. ज्यांची वार्षिक वेतनवाढ १ जुलैला असते त्यांच्यापैकी ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांनी कोर्टात दाद मागितली, की आम्ही वर्षभर काम केलं, मग वाढ का नाही? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. छान झालं. पण १ जूनवाल्याचे ३१ मेपर्यंत अकराच महिने भरतात. त्याला ही वाढ नाही, म्हणून पेन्शनमध्येही ती नाही, आणि पेन्शन जन्मभराची असते. गुरुजींनी १ च्या जागी २ लिहिलं असतं तर? आपल्या ए विंगमधले भाऊ हे नेहमी हसत सांगतात, पण तो आकडा त्यांनी रुपयांत काढून ठेवलेला आहे. मी पाहिला आहे.

जन्मतारीख दुरुस्त करायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, पुराव्यासह. पंचविशीतला माणूस हा विचार करत नाही. त्याला निवृत्ती म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट वाटते. म्हणून हे मी इथे ज्येष्ठांपुढे बोलत असलो तरी तुमच्या नातवंडांसाठी बोलतोय. आता रुग्णालयात जन्माची वेळसुद्धा लिहितात, पण शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पासपोर्टवर तारीख एकच आहे ना, हे त्यांनी आजच पाहावं.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी एक विसंगती मुद्दाम सांगतो. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर वीस टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास आणि शंभरीला दुप्पट पेन्शन. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या १ तारखेपासून. २० ऑगस्ट १९४२ चा जन्म असेल तर १ ऑगस्ट २०२२ पासून, हे नियमातलंच उदाहरण आहे. त्याच्या पुढचंच उदाहरण १ ऑगस्ट १९४२ चं, आणि त्यालाही १ ऑगस्ट २०२२ पासूनच. आदल्या दिवशी वय भरतं हा न्याय लावला तर त्याला १ जुलैपासून मिळायला हवं होतं. निवृत्त करताना १ तारीखवाला एक दिवस आधी म्हातारा, आणि पैसे देताना नाही! शिवाय गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१८ साली निवृत्त न्यायमूर्तींच्या पेन्शनच्या प्रकरणात ऐंशीवं लागलं की हक्क सुरू, असा अर्थ लावला. म्हणजे पुन्हा काकूंचे तेच दोन शब्द, आणि त्यांच्यात एका वर्षाच्या वीस टक्क्यांचं अंतर.

आता २९ फेब्रुवारीवाल्या माणसांबद्दल. सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे मोरारजी देसाई, एके काळचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे पंतप्रधान. जन्म २९ फेब्रुवारी १८९६. १९०० साली लीप वर्ष नसल्यामुळे त्यांचा पहिला खरा वाढदिवस आला तो १९०४ साली, आठ वर्षांनी. एप्रिल १९९५ मध्ये, वयाची नव्याण्णव वर्षं पूर्ण झाल्यावर ते गेले, तोपर्यंत जन्मानंतर त्यांच्या आयुष्यात २९ फेब्रुवारी अवघी तेवीस वेळा आली. पण त्यांना कुणी तेवीस वर्षांचे म्हटलं नाही, कारण तारीख आली नाही तरी वर्ष सरतंच.

आपल्या डी विंगमध्येही एक मुलगी आहे, २९ फेब्रुवारी २००८ ची. पुढच्या वर्षी तिला अठरा पूर्ण होतील, आणि २०२६ लीप वर्ष नाही. तिच्या वडिलांनी मला विचारलं, २८ की १? इंग्लंडमध्ये आणि हाँगकाँगमध्ये १ मार्च धरतात, तैवानमध्ये २८ फेब्रुवारी. आपल्या १८७५ च्या कायद्याच्या त्या कलमात २९ फेब्रुवारीचा उल्लेखच नाही. मतदारयादीसाठी चिंता नाही, कारण आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. २८ धरा की १ धरा, तिचं नाव १ एप्रिलच्या तारखेला पात्र ठरणार. मला अशी नियमाची रचना आवडते. कडेवर उभं राहून भांडण्याऐवजी नियमच चार पावलं मागे घेतला आहे. गाडीच्या लायसन्ससाठी मी सांगितलं, २ मार्चला जा. एका दिवसासाठी आरटीओच्या खिडकीवर कायद्याचा कीस पाडू नका.

लीप दिवस इंग्रजांचा आणि आपण त्यातून सुटलेलो, असं समजू नका. आपला अधिक महिना तेच काम करतो, एका दिवसाऐवजी अख्ख्या महिन्याने. २००४ साली अधिक श्रावण होता, मग तो पुन्हा आला २०२३ साली. त्यात जन्मलेल्या मुलाचा तिथीने वाढदिवस मधली सगळी वर्षं निज श्रावणात करावा लागला. एकोणीस वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ तंतोतंत बसतात. म्हणूनच एकोणिसाव्या वर्षी तिथी आणि तारीख एकमेकींच्या पुन्हा गाठीला येतात, एखाद्या दिवसाचा फरक पडला तरी. आपापली पत्रिका काढून अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या आणि शहात्तराव्या वाढदिवसाला पडताळून पाहा.

सहस्रचंद्रदर्शनाचंही विचारलं होतं. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३०६ दिवस, त्याचे हजार म्हणजे २९,५३१ दिवसांच्या आसपास, म्हणजे ऐंशी वर्षं आणि सुमारे दहा महिने. कुणी आठ महिने धरतात, कुणी एक्याऐंशीव्या वर्षात सोईचा मुहूर्त काढतात. ढगाळ पौर्णिमा वजा करायच्या का, असंही एका आजोबांनी विचारलं. तसं केलं तर कोकणातल्या माणसाला नव्वदीपर्यंत थांबावं लागेल. इथे दशांश बाजूला ठेवा आणि मुलाबाळांना रजा मिळेल तो दिवस धरा.

पैशाच्या बाबतीत मात्र धरू नका. ज्यांची जन्मतारीख कोणत्याही महिन्याची १ आहे, ज्यांना येत्या दोन वर्षांत ६०, ७५ किंवा ८० पूर्ण होतात, आणि ज्यांच्या दोन कागदांवर दोन तारखा आहेत, अशांनी गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात या वेळात क्लब हाऊसमध्ये यावं. शाळेचा दाखला, पेन्शनचा आदेश आणि विम्याची कागदपत्रं बरोबर आणा. भाऊही बसणार आहेत, त्यांची वही घेऊन.